जुनी वर्तमानपत्रं, जुने फोटो आणि नगर जिल्ह्याचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) गावोगावची जुनी वर्तमानपत्रं आणि फोटो शोधून त्यांच्या प्रती करून ठेवण्याचं काम आम्ही काही जण करतो. लोकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यातले असाल तरी बहुतेक उत्तरं तुम्हालाही उपयोगी पडतील.

१. खेड्यापाड्यांचा इतिहास वर्तमानपत्रात कुठून येणार? पेपर तर पुण्या-मुंबईतून निघायचे ना?

सगळे नाही. १८३२ साली मुंबईत 'दर्पण' सुरू झालं आणि त्यानंतर दहाच वर्षांनी, १८४२ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' काढलं ते नगरहून. एकोणिसाव्या शतकात नगर शहरातून 'न्यायसिंधू' आणि 'जगदादर्श' ही साप्ताहिकंही निघत होती.

आमच्या दृष्टीने या जिल्ह्याचा सगळ्यात मोठा ठेवा म्हणजे 'दीनमित्र'. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये ते सुरू केलं, आधी सोमठाण्याहून आणि मग नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून. १९६७ मध्ये मुकुंदराव गेले, तोवर ते त्यांनी चालवलं. पन्नासहून जास्त वर्षं एक साप्ताहिक खेड्यात लिहिलं गेलं, खेड्यातच छापलं गेलं आणि तिथल्या टपालाने बाहेर गेलं. शेतकऱ्याच्या दारात बसून लिहिलेलं वर्तमानपत्र आणि शहरातून शेतकऱ्याबद्दल लिहिलेलं वर्तमानपत्र यांत किती अंतर असतं, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर कळतं.

शहरी पेपरांतही गावं सापडतात, पण पहिल्या पानावर नाही. आतल्या पानांवरची बातमीपत्रं, बाजारभाव, जाहीर नोटिसा, लिलाव, शाळांचे निकाल आणि यात्रेच्या जाहिराती बघा. गावाचं नाव तिथे भेटतं.

२. आमच्याकडे अंकांची फाइल वगैरे काही नाही. तरी घरात काही सापडेल का?

सापडेल, फक्त पेपर म्हणून ठेवलेलं नसेल. ट्रंकेचा तळ, फडताळाचे कप्पे, धान्याच्या कोठीवरचं झाकण, माळ्यावरची भांडी गुंडाळलेले कागद, जुन्या वह्यांची कव्हरं, सगळं बघा.

सर्वात महत्त्वाची जागा म्हणजे भिंतीवरच्या तसबिरीची पाठ. फ्रेम करणारे फोटोमागे पुठ्ठा बसवायचे आणि पुठ्ठा घट्ट बसावा म्हणून वर्तमानपत्राची घडी घालायचे. पारनेर तालुक्यातल्या एका घरी आम्ही एका जोडप्याच्या फोटोची फ्रेम उघडली. फोटोवर ना नाव, ना साल. मागच्या घडीत मात्र १९५४ च्या दिवाळीतलं अर्धं पान होतं, तारखेची ओळ शाबूत. म्हणजे फोटो त्या सुमाराचा किंवा आधीचा. घरातल्या आजी ते पान हातात घेऊन बराच वेळ बसल्या आणि मग म्हणाल्या, "थोरलीचं बारसं झालं त्या वर्षी फ्रेम केली होती." फोटोचं साल ठरलं ते या दोन गोष्टींनी. त्यामुळे फ्रेम उघडलीत तर मागचा कागद, पुठ्ठा, दुकानाचं लेबल, काहीही टाकू नका. फोटो काचेला चिकटला असेल तर आधी प्रश्न १० वाचा.

३. आमचे फोटो अगदी साधे आहेत. लग्न, बारसं, शाळेचा वर्ग. त्यांचा इतिहासाला काय उपयोग?

पुढाऱ्यांचे फोटो सरकारी दप्तरांत आणि वर्तमानपत्रांच्या संग्रहात असतात. तुमच्या गावच्या आडाचा फोटो तिथे नसतो. लग्नाच्या फोटोत मागे धाब्याचं घर दिसतं, मोटेची विहीर दिसते, बायकांची लुगडी नेसायची पद्धत दिसते, पंगतीत कोण कुठे बसलंय हे दिसतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांचे, सुकडी वाटपाचे, कोरड्या तळ्यांचे फोटो कुणाच्या तरी घरी पडून आहेत. ते 'घरचे' म्हणूनच राहिले तर हा जिल्हा त्या वर्षी कसा जगला हे फक्त आकड्यांत उरेल.

म्हणून देताना निवडून देऊ नका, सगळे दाखवा. लोक मानपत्राचा फोटो पुढे करतात आणि बैलपोळ्याचा मागे ठेवतात. आम्हाला दोन्ही हवेत, आणि एकच मिळणार असेल तर पोळ्याचा.

४. मूळ फोटो आणि अंक तुम्हाला कायमचे द्यावे लागतात का?

नाही. आम्ही घरी येऊन प्रत करतो आणि मूळ वस्तू तुमच्याच हातात ठेवून निघतो. घरात जपणं शक्य नसेल आणि तुम्हाला द्यायचंच असेल, तर ते ग्रंथालयाला किंवा संशोधन संस्थेला द्या आणि लेखी पोच घ्या. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ पासूनचं आहे, शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. देण्यापूर्वी तिथे जाऊन बघा: खोली कोरडी आहे का, नोंदवही आहे का, वाचकाला वस्तू बघायला मिळते का. पोचपावतीवर वस्तूंची संख्या आणि अटी लिहून घ्या. तोंडी बोलणं दहा वर्षांनी कुणाच्या लक्षात राहत नाही.

५. पान उलगडलं की तुकडे पडतात. १८८० सालचा अंक चांगला राहिला आणि १९५० सालचा मोडतोय, असं कसं?

जुना कागद चिंध्यांच्या लगद्याचा असायचा, त्याचे धागे लांब आणि चिवट. नंतरचा वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन नावाचं द्रव्य राहून जातं. हवा आणि उजेड लागला की त्यातून आम्ल तयार होतं, कागद पिवळा पडतो, मग तपकिरी, मग ठिसूळ. तुमची काही चूक नाही, तो कागद एका दिवसासाठीच बनवलेला होता.

घडी पडलेलं पान जबरदस्तीने उघडू नका. कोरड्या हवेत तर मुळीच नको. पावसाळी, दमट दिवशी कागद थोडा नरम असतो, तेव्हा उलगडणं सोपं जातं. पान हाताच्या चिमटीत धरून उचलू नका. खाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा आणि पुठ्ठ्यासकट उचला. सुटलेले तुकडे त्याच पानाबरोबर पाकिटात ठेवा. आणि हात लावण्याआधी, आहे त्या अवस्थेत एक फोटो काढून घ्या (प्रश्न ८).

६. लॅमिनेट करून घेतलं तर? किंवा फाटलेल्या जागी चिकटपट्टी?

दोन्ही नकोत. आम्हाला सर्वांत जास्त दुःख होतं ते लॅमिनेट केलेलं पान बघून, कारण ते करणाऱ्याने प्रेमापोटी केलेलं असतं. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिक कागदात मुरतं. कागदातलं आम्ल आत कोंडलं जातं आणि प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो आणि पट्टी गळून पडते. डाग तेवढा राहतो.

फाटलेलं पान तसंच राहू द्या. दुरुस्ती करायचीच झाली तर जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरतात. पाण्याने ती पुन्हा सोडवता येते. पण हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. आधीच लॅमिनेट झालेलं पान सोलायला जाऊ नका. त्याची प्रत करून घ्या आणि अंधारात सपाट ठेवा.

७. ठेवायचं कुठे? डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला, ऊन दाखवणं, यातलं काय बरोबर?

ऊन नको. कपड्यांना ऊन चांगलं, पण वर्तमानपत्र आणि फोटो उन्हात झपाट्याने उडतात. डांबरगोळ्यांची वाफ माणसाला बाधते आणि बंद पेटीत वास कायमचा बसतो, आम्ही त्या वापरत नाही. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळलेला असेल आणि कागदाला न लागता पुरचुंडीत असेल तर ठेवा. ओला पाला ओल आणतो आणि ओल आली की बुरशी आली.

पेशव्यांच्या दप्तरातले कागद रुमालात बांधून ठेवलेले असत, ती पद्धत आजही उत्तम आहे. सुती कापड घ्या, दोनदा धुऊन त्यातली खळ काढा, अंक सपाट ठेवून त्यात बांधा. कापडातून हवा खेळते, धूळ मात्र आत जात नाही. गठ्ठा जमिनीवर नको आणि भिंतीला टेकलेला नको, वाळवी तिथूनच येते. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात गळतो, तो सगळ्यात वाईट. घराच्या मधल्या खोलीतलं कपाट, जमिनीपासून वीतभर वर, हे पुरे. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. कसर आणि वाळवी शांत, न हलवलेल्या जागी वाढते.

८. स्कॅनर नाही. मोबाइलवर फोटो काढून चालेल का?

चालेल, आणि कशाचीही वाट बघण्यापेक्षा आज मोबाइलवर काढलेला बरा. सकाळी ओसरीवर, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशा जागी, खाली काळं कापड अंथरा. पान सपाट ठेवा. मोबाइल बरोबर वरून धरा, तिरका नाही. फ्लॅश बंद. मोठं पान दोन किंवा चार भागांत घ्या आणि प्रत्येक भाग शेजारच्या भागावर थोडा चढू द्या. कडेला एक फूटपट्टी ठेवा, म्हणजे मूळ आकार कळतो.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, फोटोची पाठ. दुसरी, वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाची तळची ओळ. १८६७ च्या कायद्यापासून मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचं ठिकाण छापणं बंधनकारक झालं. त्या बारीक ओळीत छापखान्याचा पत्ता असतो आणि कधी कधी गावात छापखाना होता याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, त्यात बारीक अक्षर पुसट होतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

९. स्कॅनर आहे. किती डीपीआय (इंचामागे ठिपके) ठेवू? फाइल कुठली?

वर्तमानपत्राला ४००, पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६००, पासपोर्टएवढ्या किंवा त्याहून लहान फोटोला १२००. काळ्यापांढऱ्या फोटोचंही स्कॅन रंगीत करा, कारण डाग आणि शाई यांतला फरक रंगातच दिसतो. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, पाठवायला जेपेग काढा. ठिसूळ अंक स्कॅनरच्या झाकणाखाली दाबू नका, त्याला मोबाइलच बरा. तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. पेनड्राइव्हवर एकटी प्रत ठेवणं म्हणजे न ठेवण्यासारखंच आहे.

फाइलचं नाव 'IMG' आणि आकडे असं राहू देऊ नका. गाव, साल, घर, क्रमांक, एवढं नावातच असावं.

१०. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. ओढून काढू का?

ओढू नका. ओलीमुळे फोटोचा वरचा जिलेटिनचा थर काचेला चिकटतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. काच बाहेरून पुसून, आहे तसाच काचेसकट स्कॅन करा किंवा फोटो काढा. मग फ्रेम तशीच, भिंतीवरून उतरवून कोरड्या जागी ठेवा. चिकटवायच्या पानांच्या जुन्या अल्बममध्ये बसलेल्या फोटोंचंही असंच. सहज निघाला तर ठीक, नाहीतर पानासकट प्रत घ्या.

११. गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओतून काचेच्या प्लेटा आणि निगेटिव्ह मिळाल्या. त्यांना आंबूस वास येतो.

हा मोठा ठेवा आहे. स्टुडिओच्या निगेटिव्हमध्ये अख्ख्या बाजारगावाचे चेहरे असतात. काचेच्या प्लेटा एकमेकींवर आडव्या रचू नका, वजनाने खालच्या तडकतात. एकेक कागदात गुंडाळून उभ्या ठेवा, कडेला धरा, चेहऱ्याच्या बाजूला बोट लावू नका. कडेला निळसर चांदीसारखी झाक आली असेल तर पुसू नका, ती चांदीच वर आलेली असते.

आंबूस, व्हिनेगरसारखा वास म्हणजे अ‍ॅसिटेट फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा, हवेशीर ठेवा आणि तिचं स्कॅन सगळ्यात आधी करा. ही कूज थांबत नाही. १९५० च्या आधीच्या काही फिल्म नायट्रेटच्या असतात, त्या सहज पेट घेतात. पिवळ्या, चिकट, भुगा होत चाललेल्या फिल्म दिसल्या तर घरात ठेवू नका, देवघराजवळ तर नाहीच. आधी जाणकाराला दाखवा.

स्टुडिओची वही मिळाली तर ती प्लेटांइतकीच मोलाची. प्लेटवरचा आकडा आणि वहीतलं नाव जुळलं की चेहरा ओळखू येतो.

१२. पुरात किंवा गळतीत भिजलं आहे. काय करू?

घाई करा, कारण दोन दिवसांत बुरशी धरते. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं आणि दीडशे वर्षं जुन्या त्या ग्रंथालयाचं केवढं नुकसान झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

फोटो: फ्रेममधले ओले असतानाच बाहेर काढा, वाळले की काचेला चिकटतात. चिखल असेल तर स्वच्छ थंड पाण्यात हलकेच विसळा, बोटाने घासू नका. चेहरा वर करून टीपकागदावर किंवा धुतलेल्या सुती कापडावर वेगवेगळे पसरा.

वर्तमानपत्र: ओली पानं सुटी करायचा प्रयत्न करू नका. गठ्ठा आहे तसा पाणी निथळू द्या, मध्ये मध्ये टीपकागद घाला, पंखा लावा, ऊन दाखवू नका. एका वेळी निस्तरणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेला कागद थांबतो, मग सवडीने थोडा थोडा वाळवता येतो. काचेच्या प्लेटा मात्र गोठवू नका.

१३. फोटोत कोण आहे ते कळत नाही. मागे नाव लिहून ठेवू का?

लिहा, पण मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो आणि स्केचपेनची शाई झिरपते. चकचकीत प्लास्टिकच्या कागदावर पेन्सिल उठत नाही. तेव्हा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फोटोबरोबर पाकिटात ठेवा.

ओळख पटवायला फोटोची मोठी प्रत काढा, त्यावर आकडे टाका आणि ज्येष्ठांकडे घेऊन जा, शक्यतो दोघा-तिघांकडे एकत्र. एक चुकला की दुसरा सुधारतो. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, विचारून. कोणी नाव सांगितलं, कधी सांगितलं, तेही लिहा. खात्री नसलेल्या नावापुढे 'बहुधा' लिहायला लाजू नका.

आणि एक आवर्जून: बायकांची पूर्ण नावं विचारा. जुन्या फोटोंखाली आणि बातम्यांत 'सौ. पाटील', 'गं. भा. अमुक' एवढंच असतं. माहेरचं गाव, माहेरचं नाव, स्वतःचं नाव विचारलं नाही तर त्या बाईचा माग पुढे कुणालाच काढता येत नाही. हे विचारायला आज माणसं आहेत.

१४. साल कुठेच नाही. फोटो किंवा कात्रण कधीचं हे कसं ठरवायचं?

एका खुणेवर भरवसा ठेवू नका, तीन-चार खुणा जुळवा. आम्ही नेहमी वापरतो त्या या.

तारीख शालिवाहन शकातली असेल तर हिशेब सोपा आहे. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. शके १८३२ चा कार्तिक म्हणजे १९१०, पण त्याच शकातला माघ म्हणजे १९११. लग्नपत्रिका आणि मानपत्रं इथेच एका वर्षाने चुकतात.

कात्रणातल्या किमती बघा. आणे-पै असतील तर बहुधा १९५७ च्या आधीचं. 'नवे पैसे' असतील तर १९५७ ते १९६४. शेर-मण जाऊन किलो आला तो १९५८ नंतर हळूहळू. 'मुंबई राज्य' लिहिलं असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. फोटोच्या पाठीवरच्या स्टुडिओच्या शिक्क्यालाही हेच लागू.

मग जिल्ह्याच्या स्वतःच्या खुणा. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ ची. भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं १९२६ मध्ये, त्यामुळे पूर्ण भिंत दिसली की फोटो त्यानंतरचा. एसटीची पहिली गाडी धावली तीच मुळी पुणे ते नगर, १ जून १९४८ ला. रस्त्यावर एसटी दिसली की फोटो त्याच्या पुढचा. लोणीला प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५० च्या अखेरीचा, मागे त्याची चिमणी असेल तर त्यानंतरचा.

फोटोचा कागदही बोलतो. कातरलेल्या नागमोडी कडा साधारण चाळीस ते साठच्या दशकातल्या. लहान चौकोनी काळेपांढरे फोटो बहुधा आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे, साठ-सत्तरच्या दशकातले. लालसर पडलेले रंगीत फोटो सत्तर-ऐंशीच्या दशकातले.

फोटोत दिसणाऱ्या एसटी, धरण, चिमणी अशा खुणा 'याच्या नंतरचा' एवढंच सांगतात. 'याच्या आधीचा' हे सांगायला फ्रेममागचा कागद (प्रश्न २) किंवा माणसाची आठवण (प्रश्न १३) लागते.

१५. आजोबांची बातमी एका जुन्या पेपरात आली होती असं घरात सांगतात. कशी शोधू?

आधी घरातून शक्य तेवढा काळ आवळून घ्या: कुठल्या दुष्काळानंतर, कोणाच्या लग्नाआधी. वर्ष माहीत नसताना फायली चाळणं डोळ्यांवर आणि कागदावर अन्याय आहे.

फायली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याच्या संस्था आणि जुनी जिल्हा ग्रंथालयं यांच्याकडे बघा. ग्रंथालयांना पुस्तकांच्या प्रती देण्याच्या १९५४ च्या कायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून वर्तमानपत्रांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयालाही पाठवाव्या लागत. अंकच नष्ट झाला असेल तरी एक वाट उरते: मुंबई सरकार १८६८ पासून देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला छापून घेत होतं. मुंबईच्या पुराभिलेखागारात ते बघता येतात. कैक लहान पेपरांचा आवाज आता तेवढ्यापुरताच उरला आहे.

संगणकावर शोधत असाल तर जुनं शुद्धलेखन ध्यानात ठेवा. १९६२ च्या नियमांआधी 'गांव', 'केलें', 'झालें', 'घरांत' असं लिहायचे. काही पेपर 'अिंग्रज', 'अुद्या' असं छापायचे. 'गाव' शोधलंत तर 'गांव' मिळणार नाही, आणि ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) जुन्या टायपातलं जोडाक्षर चुकीचं वाचतं ते वेगळंच. आडनावापेक्षा गावाच्या नावाने शोधा, आणि 'मौजे' किंवा 'रा. रा.' यांच्या पुढेमागे बघा. गावांची नावंही बदलली आहेत: श्रीरामपूरला 'बेलापूर रोड' म्हणत, रेल्वे स्टेशनला आजही बेलापूरच म्हणतात. जामखेडकडचं गाव असेल तर शेजारी निजामाचा मुलूख होता, त्यामुळे मराठवाड्यातली आणि हैदराबादची कागदपत्रंही तपासा.

१६. पेपरात छापून आलं म्हणजे खरं, असं धरायचं का?

छापलं गेलं, एवढंच पक्कं. 'दीनमित्र' सत्यशोधक विचाराचं होतं, 'ज्ञानोदय' मिशनचं, पुण्याचे पेपर आणखी वेगळ्या बाजूचे. कुळकर्णी वतनाबद्दल (गावचा हिशेब ठेवण्याचं वंशपरंपरागत पद) या तिघांत वेगवेगळं वाचायला मिळेल आणि तीच इतिहासाची खरी सामग्री आहे. शक्यतो दोन पेपर शोधा, आणि तिसरा पुरावा म्हणून गावातलं दप्तर किंवा आठवण. न छापलेल्या गोष्टीही मोजा. ज्या वस्तीचं नाव वर्षानुवर्षं येत नाही, तिथे काहीच घडलं नाही असा अर्थ होत नाही. तिथे बातमीदार जात नव्हता.

फोटोखालच्या ओळीलाही हे लागू. गटाच्या फोटोत 'डावीकडून' की 'उजवीकडून' यात चूक झालेली आम्ही अनेकदा पाहिली आहे.

१७. जुना फोटो किंवा बातमी परत छापायला कुणाची परवानगी लागते?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा हक्क आधी प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहायचा, २०१२ च्या दुरुस्तीपासून मात्र तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. लेखाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. निनावी मजकुराचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं.

गोंधळ होतो तो असा. मुकुंदराव पाटील १९६७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचा हक्क २०२७ च्या अखेरीपर्यंत आहे. अग्रलेखाखाली सही नसली तरी तो त्यांचा हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याला निनावी समजून छापू नका. त्याच अंकातली कुण्या अनाम बातमीदाराची १९३० मधली बातमी मात्र मोकळी आहे.

स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो, छायाचित्रकाराचा नाही. तरीही आम्ही छायाचित्रकाराचं किंवा स्टुडिओचं नाव माहीत असेल तर लिहितोच. पुस्तक काढणार असाल तर वकिलाला विचारा.

१८. जुन्या बातमीत आमच्या घराण्याची बदनामी आहे. किंवा जातीचा अपमानकारक उल्लेख आहे. ते पुसता येईल का?

मूळ प्रतीत आम्ही एक अक्षरही बदलत नाही. त्या काळी एखाद्या वस्तीबद्दल काय भाषेत लिहिलं जायचं, हा स्वतःच पुरावा आहे, आणि तो ज्यांनी सोसलं त्यांच्या बाजूचा आहे. पण संग्रहात ठेवणं आणि सगळ्यांसमोर मांडणं यांत फरक आहे. गुन्हा, आत्महत्या, अत्याचार, आजार यांच्या बातम्यांतली माणसं किंवा त्यांची मुलं हयात असतील तर ते पान आम्ही उघड ठेवत नाही, संशोधकाने मागितलं तरच दाखवतो. अत्याचारपीडितेची ओळख कधीच उघड करत नाही. अपमानकारक शब्द सूचीत आमच्या शब्दांत लिहितो, मूळ पानावर तसाच राहतो.

१९. चुलते म्हणतात फोटो द्यायचे नाहीत, आम्हाला द्यायचे आहेत. काय करायचं?

भावकीच्या वादात आम्ही पडत नाही. ज्याच्या घरात वस्तू आहे त्याच्या समोर, त्याच्या होकाराने, एवढंच. बऱ्याचदा नकारामागे वाटणीची भीती असते, फोटो बाहेर गेला की वाड्यावरचा हक्क जाईल अशी. अशा वेळी आम्ही फक्त माणसांचे फोटो करतो, कागदपत्रांना हात लावत नाही, आणि काढलेल्या प्रती दोन्ही घरांना देतो. दोन वर्षांनी स्वतः बोलावणारे चुलतेही भेटले आहेत.

२०. मोबाइलवरच्या एआयने आजोबांचा फोटो स्वच्छ आणि रंगीत करून घेतला. तो पाठवू का?

घरात लावायला जरूर लावा. संग्रहासाठी मात्र न बदललेला हवा. एआय फाटलेल्या जागी चेहरा अंदाजाने भरतं. डोळे, दात, फेट्याचा पीळ त्याच्या मनाने काढतं. लुगड्याचा रंगही तसाच. पन्नास वर्षांनी ते खरं मानून कुणी लिहील. रंगीत प्रतीच्या नावात 'बदललेली' असा शब्द ठेवा आणि मूळ स्कॅन कधीही खोडू नका.

२१. घर पाडायचं आहे. उद्या सकाळी रद्दीवाला येणार आहे. एका रात्रीत काय करता येईल?

निवड करत बसू नका, वाचत तर मुळीच बसू नका. सगळं एका कोरड्या खोलीत आणा. आधी फोटो, निगेटिव्ह, हाताने लिहिलेल्या वह्या आणि पत्रं बाजूला काढा. त्यांची दुसरी प्रत जगात नसते. मग गावात किंवा तालुक्यात छापलेलं काहीही: साप्ताहिकं, यात्रेची हँडबिलं, संस्थांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं. शेवटचं पान उलटून छापखान्याची ओळ बघितली की पाच सेकंदांत कळतं. मोठ्या शहरी दैनिकांच्या फायली दुसरीकडे असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे वेळ नसेल तर त्या शेवटी.

वस्तू उचलण्याआधी ती जिथे होती तिथे एक फोटो घ्या: कुठली खोली, कुठली पेटी, कशाच्या खाली काय. पेटीतली वस्तू त्याच पेटीत राहू द्या, दोन पेट्या एकत्र करू नका. प्रत्येक पेटीवर गाव, घर, खोली आणि आजची तारीख लिहून चिकटवा. मग पेट्या शेजाऱ्याच्या ओसरीवर हलवा आणि आम्हाला निरोप द्या.